गाडीसोबत न मिळालेली माहिती: छोट्या एसयूव्ही बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
विक्रीपश्चात सेवा विभागांचे प्रमुख,
चार मीटरच्या आतल्या एसयूव्ही बनवणाऱ्या सर्व कंपन्या

सप्रेम नमस्कार.

गाडी तुम्ही बरी बनवता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना कपाळावर आठ्या पडणार नाहीत. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली, २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये रांजणगावात बनणारी नेक्सॉन, मग व्हेन्यू, सोनेट, मॅग्नाइट. दहा वर्षांत सोसायट्यांची पार्किंगं ओळखू येईनाशी झाली. खड्ड्यात पोट घासत नाही, म्हाताऱ्या माणसांना वाकून आत शिरावं लागत नाही, डिकीत चार माणसांचं गावचं सामान मावतं. हे सगळं मान्य.

आमचं म्हणणं गाडीबरोबर जे कागद हातात पडतात त्यांच्याबद्दल आहे. हे पत्र लिहिणाऱ्यांत रोज गाडी चालवणारे आहेत आणि रोज गाडी उघडणारेही. दोघांना एकच गोष्ट दिसते: पहिल्या तीन-चार वर्षांत मालक ज्या कामांसाठी वर्कशॉपच्या चकरा मारतो, त्यातली बरीचशी कामं बिघाडाची नसतातच. वेळेवर कुणी चार वाक्यं सांगितली नाहीत म्हणून ती उपटलेली असतात. तुमच्या वर्कशॉपमधल्या पोरांना ती वाक्यं तोंडपाठ असतात. ग्लोव्ह बॉक्समधल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात ती कुठेतरी असतात, पण तीनशे पानांत इशाऱ्याच्या पिवळ्या चौकटी इतक्या, की कामाची कुठली हे शोधेपर्यंत गाडी टोइंगवर चढलेली असते.

सुरुवात डिझेलपासून करू, कारण तिथे गप्प बसणं सर्वांत महागात पडतं. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ बसला. हा काजळी अडवणारा फिल्टर. तो भरत आला की इंजिन जादा डिझेल सोडून आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं पळत राहावी लागते. घर ते शाळा, शाळा ते ऑफिस, ऑफिस ते मंडई अशा चार-चार किलोमीटरच्या तुकड्यांत चालणाऱ्या गाडीत हे जाळणं दर वेळी अर्ध्यावर तुटतं. मग जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं आणि नाकाशी धरलं की डिझेलचा वास येतो. ऑइल वाढलंय म्हणजे चांगलंच आहे, असं समजून काठी परत खोचणारे मालक कमी नाहीत. त्यांना दोष कसा देणार?

जाळणं चालू आहे हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा शे-दोनशेने वर राहतं, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही, मीटरवरचं त्या क्षणाचं ॲव्हरेज एकदम घसरतं, आणि चावी काढल्यावरही पंखा घोंघावत राहतो. अशा वेळी गाडी बंद न करता आणखी दहा मिनिटं फिरवून आणली तर काम संपतं. डीपीएफचा दिवा लागलाच, तर मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या पुढे, एक गिअर खाली ठेवून, दोन हजारांच्या वर आरपीएम धरून वीसेक मिनिटं चालवायची. पुण्यातल्या माणसाला कात्रजचा बोगदा ओलांडून खेड-शिवापूरपर्यंत जाऊन यायचं, एवढं सांगितलं तरी पुरे. दिव्याकडे काणाडोळा केला की पुढे चेक इंजिनचा दिवा लागतो, पिकअप मरतो, आणि स्कॅनर लावून जाळणं सक्तीने करावं लागतं. त्यानेही भागलं नाही तर फिल्टरच बदलायचा, आणि त्याची किंमत ऐकून माणूस खुर्ची शोधतो. शिवाय या इंजिनाला कमी राखेचंच ऑइल लागतं. डब्यावर सी-२ किंवा सी-३ यांपैकी मॅन्युअलने सांगितलेली खूण नसेल तर ते ऑइल कितीही महाग असो, कामाचं नाही. त्याची राख जाळीत कायमची बसते आणि ती जळत नाही.

यातलं अर्धं टळलं असतं, जर विकणाऱ्याने एकच प्रश्न विचारला असता: रोज एका दमात किती किलोमीटर चालवणार? उत्तर पाच असेल तर पेट्रोल घ्या म्हणायचं. पण शोरूमवर त्या आठवड्यात डिझेलवर सूट असते.

दुसरं, ऑटोमॅटिक. या एका शब्दाखाली तुम्ही चार वेगवेगळी यंत्रं विकता आणि चारही चालवायची पद्धत एकच असल्यासारखं दाखवता. एएमटीमध्ये साधाच क्लच असतो, फक्त तो दाबायला पायाऐवजी मोटर असते. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात आणि छोट्या गाड्यांत ते बहुतेक कोरडे, म्हणजे हवेवर थंड होणारे. सीव्हीटीत पट्टा आणि पुली. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मधे तेल असतं, म्हणून तो मुंगीच्या गतीने सरकणं सर्वांत सहज सोसतो.

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर चार-चार तास हात-दोन हात सरकणारी रांग डोळ्यांपुढे आणा. कोरड्या क्लचची गाडी अशा रांगेत सतत अर्धवट पकडीत असते. प्लेट घासते, तापते, मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना येते आणि गाडी हिसके देऊ लागते. उपाय अगदी साधा आहे. पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकायचं नाही. ब्रेक पूर्ण दाबून उभं राहायचं, पुढे दीड-दोन गाड्यांची जागा झाली की मग एकदाच, क्लच पूर्ण लागेल इतकं पुढे जायचं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही. ते काम ब्रेकचं आणि हँडब्रेकचं. घाटात मॅन्युअल मोडला टाकून पहिला-दुसरा गिअर धरायचा. सूचना आलीच तर सुरक्षित जागी बाजूला घ्यायची, पार्कमध्ये टाकायची आणि इंजिन चालू ठेवूनच थांबायचं. घाबरून आधी चावी फिरवणारेच जास्त असतात.

एएमटीवाल्यांना वेगळं सांगायला हवं. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी धरून ठेवणारी सोय, असेल तर तो दोन-तीन सेकंदांचाच पाहुणा. त्यानंतर गाडी मागे येते. घराच्या तळघरातून वर येणारा अरुंद चढ हीच या गिअरबॉक्सची रोजची परीक्षा. तिथे हँडब्रेक ओढून, ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडीचं नाक किंचित उचललं की हँडब्रेक सोडायचा, ही जुन्या ड्रायव्हिंग स्कूलची शिकवण आजही लागू आहे. चाचणीफेरी मात्र शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर होते. गिऱ्हाइकाला त्याच्या घरच्या चढावर गाडी चढवून बघू द्या.

आता पाणी. सनरूफशिवाय गाडी विकली जात नाही अशी वेळ आली आहे, पण तिच्याबद्दल एक मूळ गोष्ट कुणीच सांगत नाही: सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवायला बनवलेलंच नसतं. थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरूनच काचेभोवती पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बोटाएवढ्या जाडीच्याही नाहीत अशा नळ्या खांबांमधून खाली उतरतात. पुढच्या दोन नळ्यांचं तोंड पुढच्या चाकाच्या किंवा दाराच्या बिजागरीच्या आसपास निघतं. गाडी गुलमोहराखाली किंवा चिंचेखाली उभी राहत असेल तर ती बारीक पानं पन्हळीत बसतात, धुळीशी त्यांचा चिखल होतो, आणि मृगाच्या पहिल्या जोरदार सरीला छतावरच्या दिव्यातून थेंब टपकतो. मालक म्हणतो रबर गेलं. वर्कशॉप रबर बदलतं. पुढच्या पावसात थेंब तिथेच.

तपासायला कपभर पाणी पुरतं. मे महिन्याच्या शेवटी सनरूफ उघडा, पन्हळ ओल्या फडक्याने पुसून काढा, आणि पुढच्या एका कोपऱ्यात अर्धा कप पाणी सावकाश ओता. अर्ध्या मिनिटात गाडीखाली त्या बाजूला धार दिसली पाहिजे. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच. पाणी तुंबलं तर गवत कापायच्या मशीनमध्ये असते तशी मऊ नायलॉनची दोरी हलक्या हाताने नळीत सरकवायची. तार घालू नये, नळी फाटते. हवेचा जोरदार झोत तर अजिबात मारू नये, कारण नळीचा जोड खांबाच्या आत निखळतो; मग पाणी बाहेर जाण्याऐवजी गालिच्याखाली आणि तिथल्या वायरिंगच्या जोडांवर जातं. हे झोत मारायचं काम, सांगायला वाईट वाटतं, तुमच्याच काही वॉशिंग बेमध्ये होतं.

पायाखाली ओल सापडली की ती कसली, हेही मालकाला हाताने ओळखता येतं. ऐन उन्हाळ्यात डावीकडच्या पुढच्या मॅटखाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. ती मोकळी करणं पाच मिनिटांचं काम. पावसानंतर मातकट पाणी असेल तर सनरूफ किंवा दाराचं रबर बघायचं. पाणी बोटांना चिकट आणि वास गोडसर असेल तर ते कूलंट, आणि मग गाडी वर्कशॉपला न्यायला उशीर करायचा नाही.

त्याच डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, केबिन फिल्टर असतो. वर्षाकाठी तो बदलणं हे मालकाने स्वतः करायचं सर्वांत सोपं काम. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, उजवीकडे बारीक दोरीसारखा किंवा दांडीसारखा अडकवा असेल तो सोडवा, दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबून बॉक्स खाली झुकवा. मागे आडवं प्लास्टिकचं झाकण दिसेल, त्याच्या टोकाची खाच दाबली की ते हातात येतं. जुना फिल्टर बाहेर ओढताना त्याच्या कडेचा बाण बघून ठेवा. नवा त्याच दिशेने बसला पाहिजे. उलटा बसला की एसीची हवा कमी वाटते, आणि मग एसी कमी लागतोय म्हणून गॅस भरायला सांगणारे भेटतातच. जुन्या फिल्टरवर लेंड्या किंवा कुरतडलेला कागद दिसला तर उंदीर वाट काढून आत आला आहे असं समजा. काचेखालच्या हवेच्या तोंडावर बारीक स्टीलची जाळी कारखान्यातूनच बसवायला तुम्हाला किती खर्च येईल? उंदराने वायर कुरतडली तर वॉरंटी मिळत नाही, हे मात्र तुमच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असतं.

ॲव्हरेजबद्दल थोडक्यात, कारण वाद जुना आहे. जाहिरातीतला आकडा ज्या चाचणीतून येतो ती बहुतेकदा एआरएआय ही पुण्यातली गाड्या तपासणारी संस्था करते. पुणेकर जिथे सकाळी फिरायला जातात त्या टेकडीला तिचंच नाव पडलंय. चाचणी रोलरवर होते, कमाल वेग ताशी ९० असतो आणि एसी बंद. यात लबाडी काही नाही; सगळ्या गाड्या एकाच तराजूत तोलायची ती सोय आहे. पण हे त्या आकड्याशेजारी लिहा ना. आणि मीटरवरचा आकडाही थोडा फुगीर असतो, म्हणून टाकी-ते-टाकी मोजायला शिकवा. नोझल आपोआप थांबेपर्यंत भरायचं, वर गोल आकडा करायला आणखी पेट्रोल ओतायचं नाही, ट्रिप शून्य करायची, निदान तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा तसंच भरायचं. ४१२ किलोमीटरला ३१.७ लिटर गेलं तर ॲव्हरेज १३. ई-२० चाही, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही, हिशेब सांगून टाका: इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ई-१० वरून ई-२० वर आल्यावर नुसत्या ऊर्जेच्या हिशेबाने तीन-साडेतीन टक्के ॲव्हरेज घटणारच. लोकांना घट पचते. विचारल्यावर खांदे उडवलेले पचत नाहीत.

ग्राउंड क्लिअरन्सचंही तसंच. छापलेला आकडा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघालेली गाडी गतिरोधकावर घासते, कारण ती दोन-तीन सेंटिमीटर खाली बसलेली असते. दोन्ही आकडे छापा.

आणि आता जॉबकार्ड, म्हणजे गाडी सोडताना वर्कशॉपमध्ये तक्रारी लिहून घेतात तो कागद. या एका कागदावर आमचा सगळ्यात जास्त राग आहे.

मालक सांगतो, पुढून डावीकडे टकटक येते. कार्डावर लिहिलं जातं: आवाज. संध्याकाळी उत्तर येतं: तपासलं, आवाज नाही. खरं तर दोनच प्रश्न विचारायचे असतात. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढतात तेव्हा आवाज येतो की एकच चाक खड्ड्यात जातं तेव्हा? दोन्ही चाकं बरोबर उचलली गेली तर स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांडीला, पीळच पडत नाही, त्यामुळे तिची लिंक गप्प राहते. एकाच बाजूला खड्डा आला की बार पिळतो आणि ढिली लिंक बोलते. म्हणजे फक्त एकेरी खड्ड्यात टकटक असेल तर आधी लिंक बघा; सरळ गतिरोधकावरही धपकन आवाज असेल तर स्ट्रटचं वरचं माउंटिंग किंवा शॉक ॲब्सॉर्बर. वेग वीसच्या आत, काच खाली, शेजारी कंपाउंडची भिंत, अशा ठिकाणी आवाज परतून स्पष्ट ऐकू येतो. मालक शेजारी बसलेला असताना मेकॅनिकने दहा मिनिटांची फेरी मारली तर निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. पण मालक आणि मेकॅनिक यांच्या मधे सर्व्हिस ॲडव्हायझर उभा असतो आणि दोघांची भेटच होत नाही.

बिलावरच्या ओळींचं काय? इंजिन ड्रेसिंग, सायलेन्सर कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन, ऑइलमध्ये घालायची बाटली, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. यातली काही कामं कधीतरी लागतात. दहा हजार किलोमीटर चाललेल्या प्रत्येक गाडीला सगळीच लागत नाहीत. यांपैकी तुमच्या स्वतःच्या मेंटेनन्सच्या तक्त्यात काय आहे आणि काय वर्कशॉपने आपल्या मनाने जोडलं, हे बिलावर दोन वेगळ्या रकान्यांत दाखवा. ऑइल किती लिटर घातलं ते लिहा; इंजिनाला साडेतीन लिटर लागत असेल तर बिलावर चार का, हे विचारावं लागू नये. अलाइनमेंट केली तर आधीची आणि नंतरची छापील चिठ्ठी जोडा. स्टिअरिंग मधोमध असूनही गाडी एका बाजूला ओढते तेव्हा त्या चिठ्ठीशिवाय पुढचा माणूस अंधारात चाचपडतो. सॉफ्टवेअर बदललं तर जुनी आणि नवी आवृत्ती लिहा. बदललेला पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवा, मालकाने मागो वा न मागो.

सुटे भाग आणि स्कॅनर बाहेरच्या गॅरेजला मिळण्याचा प्रश्न तर जुनाच. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच मुद्द्यावर १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली, ते सगळं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअरचं पोर्टलही उघडलं. आमचं मागणं त्याहून लहान आहे. चिपळूण, अकलूज किंवा गडहिंग्लजच्या गॅरेजवाल्याला एखाद्या बोल्टचा टॉर्क (तो किती जोराने आवळायचा) आणि ऑइलची नेमकी खूण मराठीत, मोफत, मोबाइलवर बघता येऊ द्या.

तेव्हा आमची विनंती एवढीच: गाडीच्या चावीबरोबर सोळा पानांची मराठी पुस्तिका द्या. इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर नको. त्यातली मराठी वाचून माणूस परत इंग्रजीकडे वळतो. तुमच्या वर्कशॉपमधल्या वीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला समोर बसवा, तो बोलेल ते उतरवून घ्या. टायरला टायर म्हणा, ॲव्हरेजला ॲव्हरेज. वर जे लिहिलंय त्यातलं हवं ते उचला, आमची हरकत नाही.

आपले,
गाडी रोज चालवणारे आणि रोज उघडणारे काही जण

ता.क. पुस्तिकेत स्टेपनीला एक पान नक्की द्या. चार चाकं २१५/६० आर १६ आणि डिकीत २०५/६५ आर १५ असेल तर स्टेपनीचा व्यास सुमारे १७ मिलिमीटरने कमी पडतो. म्हणून तिच्यावर ताशी ८० चा स्टिकर असतो, आणि म्हणूनच ती घालून घरी परतायचं असतं, गोव्याला जायचं नसतं. तिच्यात हवा आहे का, हे सर्व्हिसिंगला कुणी बघत नाही. जॉबकार्डावर तिचा रकाना घाला. आणि व्हील नट एअर गनने आवळून सोडून देऊ नका, शेवटचा हात टॉर्क पान्याचा असू द्या. तुम्ही डिकीत ठेवलेल्या त्या वीतभर पान्याने ते नट सुटत नाहीत. वरंध घाटात पावसात पान्यावर उभं राहून बघा.